तलावाचं उथळ अंग

मासा कुठे राहतो, या प्रश्नाचं उत्तर मी पोरांकडून तीस वर्षं चुकीचं पाठ करून घेतलं. अधिवासाचा धडा आला की मी फळ्यावर तलाव काढायचो. तलाव म्हणजे एक आडवी रेघ, खाली चार लाटा, एक मासा, एक बेडूक आणि कडेला एका पायावर उभा बगळा. मग छडी माशावर टेकवून विचारायचो, हा कुठे राहतो? अख्खा वर्ग एका सुरात सांगायचा, पाण्यात. मी खूश होऊन बेडकाकडे वळायचो.

खरा तलाव शाळेच्या खिडकीतून दिसत होता. पोरांना तिकडे न्यावं असं मला एकदाही वाटलं नाही. तिकडे चिखल होता, जळवा होत्या, आणि कपडे घाण झाले की पोरांच्या आया शाळेत येऊन भांडायच्या. फळ्यावरचा तलाव बरा, ओल्या फडक्याने पुसता येत होता.

आमचं गाव लाखांदूरच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये. तलाव मालगुजारांच्या काळचा. एका बाजूला मातीची उंच पाळ, आणि पाळीला लागून खोल पाणी. दुसऱ्या बाजूने, जिकडून जंगलाचं पाणी उतरतं, तिकडे तलाव इतका उथळ होता की माणूस चालत जात राहिला तरी बराच वेळ पाणी गुडघ्याला लागायचं नाही. या बाजूला गावात उथळ अंग म्हणायचे. पावसाळ्यात तिथे पाणी कमी आणि हिरवं जास्त दिसायचं. कमळं होती, आपोआप उगवणारं देवधान होतं, आणि इतर कितीतरी वनस्पती होत्या ज्यांची नावं फक्त मासे धरणाऱ्या ढिवरांना ठाऊक. लांब बोटांचा कमळपक्षी पानांवरून असा चालायचा की पान दबायचंही नाही. मी त्या सगळ्याला कचरा म्हणायचो.

माझा बालमित्र ढिवराच्या घरचा. पहिली ते चौथी आम्ही एकाच पट्टीवर बसलो. मग त्याच्या वडिलांनी त्याला जाळ्यावर नेलं आणि माझ्या वडिलांनी मला तालुक्याच्या शाळेत घातलं. पुढे मी मास्तर होऊन फिरत फिरत आमच्याच गावच्या शाळेत आलो. चारचौघांत तो मला गुरुजी म्हणायचा, तुमी म्हणायचा. दोघंच असलो की तू आणि ‘काय गा’. हे आमचं कधी ठरलं नव्हतं, आपसूक होत गेलं.

गावच्या शाळेत आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्याने मला उथळ अंगात नेलं होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी त्याच्या मागे गेलो. देवधानात एके ठिकाणी त्याने मला थांबवलं आणि पाण्याकडे बोट केलं. ताटलीएवढा एक लाल डाग पाण्यावर हलत होता. नीट बघितल्यावर कळलं, ती पिल्लं होती. बोटाच्या पेरापेक्षा लहान, हजारो, एकमेकांना चिकटून. श्वास घ्यायला सगळी मिळून वर यायची आणि मिळून खाली जायची. त्यांच्या खाली दोन काळ्या सावल्या फिरत होत्या.

“मरळ हाये,” तो म्हणाला. “माय आन बाप. पिल्ले मोठे होतवरी खात नाही, पित नाही, इथून हालत नाही. कोनी जवळ आला तं अंगावर येते.”

अशा वेळी ती हलत नाही म्हणून तिला पकडणं सगळ्यात सोपं. म्हणूनच ढिवर तिला पकडत नसत. ज्याला पिल्लं आधी दिसतील त्याने तिथे बांबूची काडी रोवायची आणि टोकाला पळसाचं पान खोचायचं. ती काडी दिसली की त्या बाजूला कोणाचं जाळं पडत नसे. राखण नाही, दंड नाही, कोणी विचारायलाही जात नसे. त्याने माझ्यासमोर काडी रोवली. माझ्या पोटरीला जळू लागली होती, मी चल चल करत होतो.

निवृत्त झालो आणि माझ्या हाताला काम उरलं नाही. खेड्यात रिकामा मास्तर म्हणजे गावाच्या डोक्याला ताप, हे मी आता स्वतःवरून सांगतो. दोन वर्षं तलाव लवकर आटला होता, धानाला शेवटचं पाणी पुरलं नव्हतं. गाळ काढायची सरकारी योजना आली आहे असं कळलं आणि मी हात धुऊन तिच्या मागे लागलो. अर्ज लिहिले, सह्या गोळा केल्या, लाखांदूरच्या कचेरीत एसटीने इतक्या खेपा घातल्या की कंडक्टर मला बघून न विचारता तिकीट फाडायचा. ग्रामसभेत मी एका मोठ्या कागदावर तलाव काढून नेला. या वेळी रंगीत. सगळीकडे सारखा खोल, काठ सरळ, आत एकही पान नाही.

मंजूर म्हणून हात वर होत असताना माझा मित्र मागच्या रांगेतून उठला. तो सभेत कधी बोलत नसे. टोपी हातात घेऊन म्हणाला, “गुरुजी, खोल करा. पन पाळीकडून करा. उथळ अंग राहू द्या. मरळ तिथंच पिल्ले काढते. बाकीचे मासेबी तिथंच.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणालो, “मासा पाण्यात राहतो. पाणी वाढलं की मासे वाढतील. हे तर चौथीतल्या पोरालाही कळतं.”

सभा हसली. त्याची शाळा चौथीत सुटली हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तो खाली बसला. पुढे कितीतरी दिवस मी मनाशी म्हणत राहिलो की तसं माझ्या मनात नव्हतं, सहज तोंडून गेलं. खोटं आहे ते. माझ्या मनात होतं. भर सभेत मला कोणी काही शिकवावं, ते मला सहन झालं नव्हतं.

संध्याकाळी तो माझ्या ओसरीवर आला. मला वाटलं भांडेल. त्याने ती गोष्ट काढलीच नाही. खांबाला टेकून बसला आणि म्हणाला, “एक पट्टा राहू दे गा. जास्त नाही मांगत. मानसाले घर असते, घराले आंगन असते. लेकरं आंगनात खेळतात. विहीर किती मोठी असली तरी तिच्यात लेकरं खेळतात का?”

“बघतो,” मी म्हणालो.

मी काही बघितलं नाही. वैशाखात खोदाईचं मशीन आलं आणि कंत्राटदाराने उथळ अंगापासूनच सुरुवात केली, कारण तेच कोरडं होतं आणि ट्रॅक्टर तिथपर्यंत सरळ जात होते. मी छत्री घेऊन उभा होतो. एक हात वर केला असता तर मशीन पाळीकडे वळलं असतं, तेवढा मान मला होता. कमळाचे पांढरे कंद मातीबरोबर वर येत होते. माझा मित्र आणि त्याची बायको मोहाच्या झाडाखाली उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

गाळ शेतकऱ्यांनी वाटून घेतला. माझ्या शेतातल्या बांधीतही पडला. मी ढेकळं फोडायला गेलो तर एका ढेकळात मांगूर निघाला. हे मासे उन्हाळाभर ओल्या चिखलात निजून पावसाची वाट बघतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अजून जिवंत होता, मिशा हलत होत्या. बांधीत असे किती होते कोण जाणे, घारी वरून झेप घेत होत्या. मी तो मांगूर तलावात सोडायला निघालो आणि पाळीवर जाऊन उभा राहिलो. खाली पाणी नव्हतं, चिखलही नव्हता. मशीनच्या दातांच्या रेघा उमटलेला पिवळा मुरूम होता. मासा माझ्या हातात मेला. त्या वर्षी माझ्या बांधीत धान असं पिकलं की लोक बघायला यायचे.

पावसाळ्यात तलाव भरला. निळाशार, काठोकाठ, कुठे एक काडी नाही. पोरं मोबाईलवर फोटो काढायला येऊ लागली. मीही काढून घेतला. पाळीवर मित्र भेटला तेव्हा मी न राहवून म्हणालो, “बघ.”

“पानी चांगलं हाये,” तो म्हणाला आणि जाळं खांद्यावर टाकून निघून गेला.

श्रावणात एका सकाळी तो माझ्या दारात आला. “चाल,” एवढंच म्हणाला. मी चपला घालून त्याच्या मागे गेलो. जिथे आधी उथळ अंग होतं तिथे आता भिंतीसारखा सरळ कापलेला काठ होता. त्या काठाखाली, उघड्या पाण्यात, मरळीचा लाल गोळा होता. ती जोडी कुठून आली, मशीनमधून कशी वाचली, देव जाणे. त्यांना हीच जागा माहीत होती, म्हणून ते तिथेच आले होते. वर सावलीला एक पान नव्हतं. बाजूच्या वाळक्या झाडावर पाणकावळे बसले होते.

त्याने काठावर बांबूची काडी रोवलेली होती, पळसाचं पानही होतं. ती खूण माणसांसाठी. पाणकावळ्यांना तिचं काय. पिल्लं श्वासाला वर आली की एक पाणकावळा बुडी मारायचा आणि लाल गोळ्याचा एक घास कमी व्हायचा. खालून मरळ धडक द्यायची, पण पक्षी सात-आठ होते.

मित्र पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यात उभं राहायला जागाच नव्हती, काठ सोडला की एकदम छातीइतकं. एका हाताने काठातून बाहेर आलेलं मूळ धरून तो दुसऱ्या हाताने खांद्यावरचा दुपट्टा फिरवत राहिला. त्याच्या बायकोने काठच्या बेशरमाच्या झुडपांच्या फांद्या तोडून आणल्या, त्याने त्या गोळ्याभोवती पाण्यावर पसरल्या. वाऱ्याने त्या वाहून जायच्या, तो पुन्हा ओढून आणायचा. दुपारी बायकोने भात आणला, तो पाण्यातच उभा राहून खाल्ला. दोन दिवस हे चाललं. अंधार पडला की तो घरी जायचा आणि उजाडायच्या आत परत यायचा. दोन दिवस एक साठीचा माणूस देवधान झाला होता, कमळ झाला होता, आणि मी काठावर उभा होतो. मला पोहता येत नाही. आधीच्या तलावात मला पोहता यायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी लाल काही उरलं नव्हतं. तो पाण्यातून वर आला तेव्हा त्याची बोटं सुरकुतून पांढरी पडली होती. त्याने दुपट्टा पिळला आणि घरी गेला. मी मात्र थांबलो. त्या दोन मोठ्या मरळी अजून तिथेच गोल गोल फिरत होत्या. दुसऱ्या दिवशीही फिरत होत्या. ज्याची राखण करायची ते संपलं हे त्यांना कळलं नव्हतं, किंवा कळूनही हलता येत नव्हतं. मी काठावर बसून रडलो. मासा पाण्यात राहत नाही. पाणी तर हौदातही असतं. तो राहतो एका ठरावीक खोलीच्या, ठरावीक पानाखालच्या, त्याच्या आईबापांना ठाऊक असलेल्या जागेत. ती जागा मी रंगीत पेनने खोडून टाकली होती.

त्यानंतर एकेक गोष्ट गेली, आणि गेल्यावर कळलं की ती उथळ अंगावर जगत होती. कमळपक्षी पुन्हा आला नाही. झिंगे आणि बारीक मासे, जे मित्राची बायको टोपलीत घालून सानगडीच्या बाजाराला न्यायची, ते जाळ्यात येईनासे झाले. बाहेरून आणून सोडलेलं रोहूचं बीज थोडंफार वाढलं, पण ते वर्षातून एकदा निघायचं आणि तिची टोपली रोजची होती. काही दिवस तिने सुकटी विकून बघितली, मग टोपली उलटी करून कोंबड्या झाकायला ठेवली. आमच्या घरी ऋषिपंचमीला नांगरटीचं धान्य चालत नाही, देवधानाचा भात लागतो. त्या वर्षी माझ्या बायकोने भगर शिजवली आणि माझ्यासमोर ताट ठेवत म्हणाली, “तुमच्या तलावात एक लोंबीसुद्धा नाही.” तलाव तोवर गावाचा होता. आता तो माझा झाला होता.

पुढच्या दिवाळीनंतर मित्राचा मुलगा नागपूरहून आला. तिकडे तो एका गोदामात कामाला आहे. आईबापांना घेऊन जायचं ठरलं होतं. मी बसथांब्यावर गेलो. मित्राने धुतलेली टोपी घातली होती आणि तो परक्या गावी आल्यासारखा उभा होता. जन्मात तो नागपूरला दोनदा गेला असेल. मी त्याला म्हणालो, मी माती टाकून घेतो, पूर्वीसारखा उतार करून घेतो, कमळ लावतो, तू फक्त थोडं थांब. त्याने माझं ऐकून घेतलं.

“मरळ आली का सांगजो,” तो म्हणाला. “मी येतो.”

मी केलं, खरंच केलं. गाळ काढायची योजना असते, गाळ टाकायची नसते, हे लाखांदूरच्या त्याच टेबलावर मला सांगण्यात आलं. मग ढिवरांच्या चार बायका आणि मी घमेल्याने माती टाकली. पहिल्या जोराच्या पावसात ती घसरून खोलात गेली. शेजारच्या गावाच्या तलावातून कमळाचे कंद आणून लावले, ते इतक्या खोल पाण्यात कुजले. पुन्हा माती टाकली. देवधानाची एक मूठ उगवली होती, ती कोणाच्या तरी म्हशीने खाल्ली. तीन पावसाळे गेले. मशीनने जे तीन आठवड्यांत केलं ते मला तीन वर्षांत उलटवता आलं नाही.

मग त्याच्या मुलाचा फोन आला. बाबांच्या छातीचं दुखणं वाढलंय, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, तुमची आठवण काढतात. मी दुसऱ्या दिवशी पहिली बस धरली.

तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, इतका वाळलेला की मी क्षणभर दारातच थांबलो. त्याची बायको गॅसजवळ बसलेली होती. मला बघून त्याने हात उचलला.

“ये गा. पानी कसं हाये यंदा?”

मी पावसाचं सांगितलं, धानाचं सांगितलं. तो थांबून थांबून श्वास घेत होता आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. मग त्याने ते विचारलं, जे तो विचारणार हे मला बसमध्ये चढल्यापासून माहीत होतं.

“मरळ आली का?”

“आली,” मी म्हणालो. येतानाच ठरवून आलो होतो. त्याचा चेहरा असा उजळला की मला आधार वाटला. “या श्रावणात आली. पिल्लं काढली. मी स्वतः डोळ्यांनी पाहिली.”

“कोन्या अंगाले?”

याचा विचार मी केला नव्हता. “पाळीच्या अंगाला,” मी म्हणालो. “पाळीला लागूनच. एवढा मोठा लाल गोळा.”

गॅसवर चहाचं भांडं ठेवणारा त्याच्या बायकोचा हात थांबला. तेव्हा मला कळलं. पाळीकडे दोन पुरुष खोल पाणी. तिथे मरळ कधीच पिल्लं काढत नाही, काढू शकत नाही. ढिवरांच्या घरातल्या रांगत्या पोराला जे माहीत असतं, ते एवढं सगळं होऊन गेल्यावरही माझ्या तोंडी चुकीचं आलं होतं.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“तू कवा पायलंच नाही ना गा,” तो म्हणाला.

“नाही,” मी म्हणालो.

त्याने डोळे मिटून घेतले. मग डोळे न उघडताच तो बायकोला म्हणाला, “गुरुजीले चाय दे. त्याईले बस धरायची असन.”